आगीच्या मरियेला काढलेली काजळी

वीरोवो गावात कुणाला यायला उशीर झाला की विचारतात, "काय, वितोमिरच्या मागे अडकला होतास?" घाटातल्या त्या अरुंद रस्त्यावर वितोमिरची गाडी पुढे असली की मागच्याने निमूट सिगारेट पेटवावी आणि डोंगर बघत बसावं. ओंडके भरलेले ट्रॅक्टरसुद्धा त्याला मागे टाकून जातात. गावकरी तर असंही सांगतात, की एकदा लग्नाची वरात त्याच्या मागे इतकी रेंगाळली की ट्रंपेटवाल्यांची गाणी चर्चला पोचायच्या आतच संपली. गावकऱ्यांचं काय, त्यांना हसायला निमित्त हवं असतं. पण हाच माणूस उभी हयात लाकडं वाहणारा ट्रक चालवत होता आणि तेव्हा त्याचा आवाज ऐकूनच कोंबड्या रस्त्यावरून पळ काढायच्या, हे मात्र ते सांगत नाहीत.

तो हळू झाला लेपामुळे. लेपोसावा, त्याची बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तिला घाटापलीकडच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागतं. यंत्रावरून उठली की ती पिळून काढल्यासारखी होते, आणि परतताना प्रत्येक वळणाला तिच्या पोटात ढवळतं. म्हणून हा गाडी अशी चालवायचा की मागच्या सीटवर पातेलं ठेवलं असतं तर दुधावरची साय हलली नसती. हिवाळ्यात ती आत यंत्राला जोडलेली असताना हा इस्पितळाच्या आवारात गाडीत बसून राहायचा, इंजिन चालू ठेवून. थोडं स्वतःच्या गुडघ्यांसाठी, आणि बरंचसं ती कुडकुडत बाहेर येईल तेव्हा आत ऊब असावी म्हणून.

हे सगळं मायेचं, पण डिझेल गाडीला माया सोसत नाही. या नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक फिल्टर असतो, मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार, चिनी मातीचा. धुरातली काजळी त्यात अडकते. गाडी दामटून पळवली, नळी रसरसून तापली, की ती काजळी तिथल्या तिथे जळून जाते. पळवलीच नाही तर साठत राहते. वितोमिरची गाडी कधी धड तापलीच नव्हती. जपून जपून हाकून त्याने तिचा गळा आवळला होता.

मंगळवारी परतताना, घाटाच्या ऐन चढावर, गाडीने मान टाकली. समोरचे दिवे एकामागून एक लागले आणि इंजिनाचा दमच गेला. पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखल्या, तरी गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकत होती. खरोखरच एक मेंढपाळ शेजारून चालत आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "आजोबा, ढकलू का थोडं?" वितोमिरने त्याला दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. नवल म्हणजे मागच्या सीटवर आडवी पडलेली लेपा कुरकुरली नाही. तिच्या चेहऱ्यावर भलतीच शांती होती. घरी पोचल्यावरही ती नेहमीसारखी आडवी झाली नाही, तर याचे सगळे सदरे काढून इस्त्री करत बसली. बरं वाटतंय वाटतं आज हिला, असं वितोमिरच्या मनात आलं, आणि त्या संध्याकाळी तेवढंच काय ते त्याला बरं वाटलं.

त्याने मिलोये मेकॅनिकला फोन लावला. मिलोये मोंटेनेग्रोला समुद्रावर गेला होता, बायकापोरांसकट.

"मिलोये, गाडी लंगडी झाली रे."

"दिवा लागलाय? ठिपक्याठिपक्यांचा डबा?"

"तो वसंतापासून लागलाय. आता इंजिनाचाही लागला."

"वसंतापासून!" पलीकडे पोरं किंचाळत होती. "वितोकाका, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, अधूनमधून हायवेवर ने आणि दामट तिला."

"लेपाला ओकारी होते."

"मग एकटा जा!"

"एकटा कुठे जाऊ?" वितोमिरने विचारलं.

"बरं, असं करू. सोमवारी मी आलो की फिल्टर पोकळ करून टाकू. आतलं सगळं फोडायचं आणि कॉम्प्युटरला गंडवायचं. निम्मा देश तसाच फिरतो."

"आणि काळा धूर? तो मागच्या सीटवर येतो. आणि सोमवारी नको, मला परवा सकाळी जायचंय."

मिलोयेने सुस्कारा टाकला. "मग घरीच धू. ऐक नीट. फिल्टर खाली उतरव, पण आधी सेन्सर काढ, आणि तो जपून, तुटला तर मग मीसुद्धा काही करू शकत नाही. गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेव. मग उलट्या बाजूने पाणी सोड, हळू, जोराचा फवारा मारलास तर आतली माती फुटेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग खडखडीत वाळव. बसवलास की मी दिलेलं ते छोटं यंत्र गाडीला जोड आणि फोनवरून जाळणी सुरू कर, नाहीतर गाडीला पटणारच नाही की फिल्टर साफ झालाय. आणि काका, जाळणीच्या वेळी इंजिन आपोआप डरकाळ्या फोडेल, नळी निखारा होईल. गाडी खडीवर उभी कर. खाली वाळलेली काडी नको."

"मला काय कळत नाही?"

"कळतं. म्हणूनच तर सांगतोय."

गुरुवार चुकवून चालणार नव्हतं. फेब्रुवारीत बर्फाने घाट बंद झाला तेव्हा एक फेरी चुकली होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी लेपाचे पाय सुजून खांबासारखे झाले, रात्रभर ती उशा रचून बसून श्वास घेत होती आणि वितोमिर तिचे श्वास ऐकत होता. आता तर उन्हाळा, तहान अशी की ती लिंबाची फोड चोखून दिवस काढायची आणि तरी अंगात पाणी साठायचंच. इस्पितळाच्या गाडीचा भरवसा नव्हता. शहरातला टॅक्सीवाला एकदा आला होता, त्याच्या गाडीचं पोट वीरोवोच्या दगडांवर फाटलं आणि पुन्हा या गावाचं नाव काढणार नाही असं तो सर्वांदेखत सांगून गेला. गावात धड गाडी होती ती शिक्षकाची, आणि शिक्षक सुट्टीवर. म्हणजे सगळी मदार याच गाडीवर, या तुंबलेल्या डब्यावर.

आणि मधला बुधवार नेमका आगीच्या मरियेचा, त्या संतिणीच्या सणाचा. ऐन गवतकापणीचे दिवस, पण त्या दिवशी वीरोवोत कुणी विळा उचलत नाही, चूल पेटवत नाही, हातोडा हातात धरत नाही. मरिया कोपली तर वीज पाडते आणि गवताच्या गंज्या जाळते, अशी तिची ख्याती. वितोमिर फार देवभोळा नव्हता, पण मरियेशी वाकडं घेण्याइतका शूरही नव्हता. लेपा मात्र दुखण्यात पडल्यापासून सगळे सण काटेकोर पाळायची.

बुधवारी सकाळी ती निळा सणाचा झगा घालून अंगणातल्या अक्रोडाखाली बसली आणि म्हणाली, "आज गाडीला बोट लावायचं नाही."

"मग उद्याचं काय?"

"उद्याचं उद्या."

"अगं, उद्या सकाळी निघायचंय! उद्याचं उद्या कसं?"

"वितो, आजारी कोण आहे? मी ना? मग माझ्यासाठी मरियेच्या दिवशी कुणी हत्यार उचललेलं मला चालायचं नाही. पाप मला लागेल."

आता यावर माणसाने काय बोलावं? तिला जगवायचं तर तिचं ऐकायचं नाही, आणि तिला दुखवायचं नाही तर ऐकायचं. वितोमिरने डोकं खाजवलं, टोपी घातली आणि लबाडी केली. "गाडी उन्हात तापतेय, सावलीत लावतो," असं म्हणून त्याने हँडब्रेक सोडला आणि गाडी उतारावरून आवाज न करता कोठाराच्या मागे नेली. अंगणात खडी होती, छान, सपाट, मिलोयेने सांगितली तशी. पण अंगण लेपाच्या डोळ्यांसमोर होतं. कोठारामागे झऱ्याचं पाणी पडायची दगडी कुंडी होती, एक मोठी गवताची गंजी होती, आणि कापलेल्या गवताचं कुरण होतं. तिथे लेपाची नजर पोचत नव्हती. त्या क्षणी वितोमिरला तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

गाडीची पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवून तो खाली सरकला. पहिलाच सेन्सर गंजून बसलेला. त्यावर तेल सोडलं, थांबला, पाना लावला, हलका जोर दिला. हलेना. पुन्हा तेल. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. जोर जास्त पडला तर मान तुटणार, कमी पडला तर तो तसाच बसणार. दातओठ खाऊन त्याने पुन्हा पाना फिरवला, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"वितोऽ! कुठे आहेस?"

त्याचा हात दचकला आणि खट्ट झालं. तुटला! डोळे मिटून तो तसाच पडून राहिला. मग चाचपून पाहिलं, तर सेन्सर अख्खा होता, नुसता सुटला होता.

"गाईकडे!" त्याने ओरडून सांगितलं.

"गाय तर इथे माझ्यासमोर उभी आहे!"

"म्हणजे... गाईच्या गोठ्याकडे!"

बोल्ट सुटले, पट्टे सुटले आणि फिल्टर त्याच्या छातीवर आला, एखाद्या जड डुकराच्या पिल्लासारखा. जाळीच्या भोकांत काजळी अशी ठासून बसली होती की आरपार काडीएवढा उजेडही दिसत नव्हता. डुक्कर कापल्यावर ज्यात उकळत्या पाण्याने त्याचे केस काढतात ते लांब पत्र्याचं कुंड त्याने ओढून आणलं. चूल पेटवायची नव्हती, म्हणून छपरावरच्या आंघोळीच्या काळ्या पिंपातलं पाणी घेतलं, उन्हाने तेच हात पोळण्याइतकं तापलं होतं. साबण घातला, फिल्टर बुडवला. पाण्यावर काळा फेस आला. दोनदा पाणी बदललं, तरी काळंच. मग कुंडीच्या नळीचं पाणी हळू धारेने उलट्या बाजूने सोडलं, तेव्हा आतून जे काही बाहेर आलं ते बघून तो थक्क झाला. साऱ्या हिवाळ्याची, इस्पितळाच्या आवारातल्या सगळ्या वाट पाहण्याची शाई निघाली होती ती. हे पाणी झऱ्यात जाऊ नये म्हणून त्याने खड्डा खणला, म्हणजे मरियेच्या दिवशी जमिनीलाही कुदळ लावली. एव्हाना पापांचा हिशेब त्याने सोडूनच दिला होता.

पाणी आधी काळं, मग राखाडी, मग ताकासारखं झालं, आणि अखेर नुसतं पाणी आलं. फिल्टर उचलून त्याने आकाशाकडे धरला. बारीक बारीक भोकांतून ऊन दिसलं. त्याला इतका आनंद झाला की लेपाला हाक मारून दाखवावं असं वाटलं, आणि मग आठवलं की तिलाच दाखवता यायचं नाही.

फिल्टर कोठाराच्या तापल्या पत्र्यावर वाळत घालून तो जेवायला गेला. सण म्हणून सगळं गारच होतं, कालचा घेवडा, भाकरी आणि चीज. लेपा स्वतः काही खात नव्हती, याच्या हातांकडे बघत होती.

"नखं काळी कशाने?"

"गोठ्याच्या दाराला डांबर लागलंय."

"दाराला डांबर तू चार वर्षांपूर्वी लावलंस."

"उन्हाने पाघळतं ते."

लेपा हसली नाही, रागावलीही नाही. तिने आपल्या ताटातलं चीज उचलून त्याच्या ताटात टाकलं. "खा," ती म्हणाली. "आणि वितो, गाय विकू नकोस हं. एकट्याला दुधाचा उपयोग होत नाही असं वाटेल तुला. पण सकाळी उठायला काहीतरी लागतं."

"एकट्याला कशाला? तू काय ऑस्ट्रियाला चाललीस पोरीकडे?"

"आपलं सांगून ठेवलं," लेपा म्हणाली आणि पुन्हा अक्रोडाखाली जाऊन बसली.

बायका काहीबाही बोलतात, असं मनाशी म्हणत वितोमिर मागे पळाला. ऊन कलायच्या आत काम आटपायचं होतं. फिल्टर वाळला होता, वाळला असावा, त्यात फुंकर मारली तर थेंब येत नव्हता. तो पुन्हा गाडीखाली सरकला. बसवणं काढण्याहून अवघड, कारण वजन एका हातावर पेलायचं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट शोधायचा. शेवटचा पट्टा आवळला, सेन्सर बसवला, ओंडके काढले, यंत्र जोडलं. फोनवर गाडीच्या पोटातले आकडे आले. जुन्या चुका पुसल्या. आता गाडी अंगणात खडीवर न्यायची, लेपाला काहीतरी थाप मारायची, आणि जाळणी सुरू करायची. तो गाडीत बसणार एवढ्यात फोन वाजला. इस्पितळातली डायलिसिसची सिस्टर, वेरित्सा.

"काका, उद्याचं विचारायला फोन केला. काकूंची जागा मी खरंच दुसऱ्यांना देऊ का?"

"कसली जागा?"

"सकाळी त्यांचा फोन आला होता ना. म्हणाल्या, उद्या येणार नाही, आणि पुढेही माझी वाट बघू नका. मला वाटलं तुम्ही दुसरीकडे नेताय. काका? ऐकताय ना?"

"पुढेही?"

"हो, पुढेही. काका, डॉक्टरांना सांगू का मी? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"देऊ नकोस जागा," वितोमिर म्हणाला. "कुणाला देऊ नकोस."

फोन बंद झाल्यावर तो तसाच उभा राहिला. सदऱ्यांची इस्त्री. गाय विकू नकोस. घाटात गाडी बंद पडली तेव्हाची ती शांती. म्हणजे हिला बरं वाटत होतं ते याच्यासाठी! मरियेचं पाप वगैरे सगळं बहाणा, ही गाडी दुरुस्तच होऊ नये म्हणून. त्याला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, असा की कानशिलं तडतडायला लागली. इतकी वर्षं आपण हिला तळहातावरच्या अंड्यासारखं जपून नेतोय, आणतोय, आणि ही निघायची तयारी करून बसलीय, न विचारता! बघतो कशी येत नाही. उचलून गाडीत घालीन. तो आत बसला, किल्ली फिरवली, फोनवर जाळणीचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन कुंडीच्या काठावर बसला. खडीचं, अंगणाचं, मिलोयेचं, कशाचंच भान त्याला राहिलं नाही.

इंजिन आपसूक गर्जायला लागलं. मागच्या नळीतून पांढरा धूर आला, तो यायचाच होता. वितोमिर जमिनीकडे बघत मनातल्या मनात लेपाशी भांडत होता आणि भांडणात सारखा हरत होता. जळका वास आला, तोही यायचाच होता. मग चटचट असा बारीक आवाज आला, आणि तो मात्र मिलोयेने सांगितला नव्हता.

त्याने मान वर केली. गाडीच्या पोटाखाली गवताची वाळकी खुंटं पेटली होती आणि एक ज्योत सापासारखी गंजीच्या दिशेने सरपटत होती.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने दार उघडलं, आत उडी टाकली, गिअर टाकला आणि पाय तळापर्यंत दाबला. गाडी आगीवरून झेप घेऊन बाहेर पडली, थेट कुंडीपलीकडच्या दगडी वाटेवर. तिला तिथेच सोडून तो परत धावला तोवर गंजीच्या बुडाला आग लागली होती. कुंडीची नळी उचलली, तर पाणी करंगळीएवढं. त्याने टोपी भिजवून मारायला सुरुवात केली, पायांनी तुडवलं, कोठारातला जुना कोट भिजवला. गंजी तर गेलीच होती, पण वारा कोठाराकडे होता, आणि कोठारात गाईचं साऱ्या हिवाळ्याचं गवत. कोठाराला लागून गोठा, गोठ्याला लागून घर. "अरे धावा!" तो ओरडला, पण धुराने घशातून शब्द फुटेना.

आणि मग धुरातून लेपा आली. निळा सणाचा झगा, पायांत काही नाही, आणि दोन्ही हातांत अंगणातल्या बाकावरचा विणलेला जाड गालिचा, कुंडीत बुचकळून काढलेला, पाणी निथळणारा. तो गालिचा कोरडासुद्धा वितोमिरला एका दमात उचलत नसे. तिने तो डोक्यावर नेला आणि आगीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला.

"हात!" वितोमिर किंचाळला. "लेपा, तुझा हात!"

तिच्या डाव्या हाताची शीर डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने जोडून घेतली होती. सुया तिथेच टोचत, सगळं रक्त तिथूनच यंत्रात जाई. त्या हाताने पाण्याची बादलीही उचलायची नाही अशी सक्त ताकीद होती. शीर एकदा बंद पडली की मग गळ्यातून नळी घालायची, आणि मग काय होईल ते होईल.

"हात मसणात जाऊ दे!" लेपा ओरडली. "तू बाजूला हो, तुझी बाही पेटलीय!"

खरंच पेटली होती. तिने गालिचा त्याच्या अंगावर टाकला, तो विझला, आणि दोघं मिळून पुन्हा आगीवर तुटून पडले. एव्हाना गावातले लोक दाताळी, फावडी आणि बादल्या घेऊन धावत आले होते. कोठार आणि गंजी यांच्यामधली खुंटं त्यांनी खरडून काढली, पत्र्यावर पाणी मारलं. गंजी जळून बसली. कोठार वाचलं.

मग सगळे दम खात उभे राहिले, आणि तेव्हा लोकांना पाने दिसले, काळं पाणी भरलेला खड्डा दिसला, वाटेवर उभी असलेली गुरगुरणारी गाडी दिसली. म्हातारा स्रेतेन, गावातला सर्वांत वडीलधारा, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मरियेच्या दिवशी, वितोमिर? आजच्या दिवशी तू हत्यार उचललंस? लेपाने तुला सांगितलं नाही?"

वितोमिर मान खाली घालून उभा राहिला. सगळं खरं होतं.

"मीच सांगितलं त्याला," लेपा म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती गालिच्यावर बसली होती, तोंड काजळीने माखलेलं, धापा टाकत. "काय बघताय? मला उद्या सकाळी शहरात जायचंय. गाडी बंद होती. म्हटलं, मरियेचं मी बघते, तू गाडी कर. पाप असेल तर माझं आहे, आणि मरियेने गंजी घेतली, म्हणजे फिटलं. आता घरी जा, सण आहे, बसा सावलीत."

स्रेतेनने तिच्याकडे बघितलं, मग टोपी काढली आणि निघाला. त्याच्यामागून बाकीचेही पांगले. गवत कमी पडलं तर आमच्याकडून न्या, असं जाता जाता एकदोघे म्हणाले.

दोघंच उरली. वितोमिर तिच्या शेजारी बसला.

"वेरित्साचा फोन आला होता," तो म्हणाला.

"कळलं मला. शुद्धीवरचा माणूस गवतावर गाडी तापवत नाही."

"का, लेपा?"

तिने जळक्या गंजीकडे बघितलं. "थकले रे मी. आणि माझं एक असो, पण तुला बघून जास्त थकले. त्या आवारात चार-चार तास बसलेला असतोस, कुत्र्यासारखा. काल घाटात गाडी थांबली ना, खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो दोघं."

"मला सुटायचं नाहीये," वितोमिर म्हणाला. "मी तक्रार केली कधी? एकदा तरी केली?"

"नाही केलीस. तेच तर."

"मग आत्ता कशाला धावलीस? जळू द्यायचंस सगळं!"

"आगीत तू होतास, गाढवा," लेपा म्हणाली.

थोड्या वेळाने तिने डावा हात त्याच्यापुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे शीर दोरीसारखी वर आलेली असते, तिथे लाल झालं होतं. ती शीर चालू असली की बोटांना आतून घुरघुर जाणवते, मांजराच्या छातीवर हात ठेवल्यासारखी. घुरघुर नसेल तर शीर मेली.

"बघ," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

वितोमिरने बोटं सदऱ्याला पुसली आणि त्या जागी टेकवली. काही लागेना. त्याने बोटं सरकवली, दाब कमी केला, जास्त केला. वाटेवर गाडी अजून धडधडत होती, त्याचे स्वतःचे हात थरथरत होते, आणि त्याला कळेना की जे लागतंय ते गाडीचं आहे, आपलं आहे की काहीच नाही.

"आहे?"

"थांब."

"वितो, आहे का?"

तो उठला, धडपडत गाडीपाशी गेला आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. नुसतं झऱ्याचं पाणी वाजत राहिलं. तो परत आला, गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले आणि पुन्हा बोटं टेकवली. श्वास रोखून वाट पाहिली. आधी काहीच नव्हतं. मग खोलवर, अगदी बारीक, घुरघुर जाणवली. त्याने बोट हलवलं नाही. घुरघुर थांबली नाही.

"आहे," तो म्हणाला. "आहे गं."

लेपाने डोळे पुसले तेव्हा काजळी सगळ्या गालांवर पसरली. "मग लाव वेरित्साला फोन," ती म्हणाली. "म्हणावं, माझी जागा मलाच हवी आहे. या माणसाला एकट्याला ठेवलं तर हा अख्खं गाव जाळून टाकेल."

वितोमिरने फोन लावला. पण पलीकडून वेरित्सा "बोला काका" म्हणाली तेव्हा लेपाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि तीच बोलली.